परवानगीशिवाय नियंत्रित हवाई क्षेत्रात विमान पुन्हा पुन्हा शिरतंय? कुठून तपासायला सुरुवात करायची

नियंत्रित हवाई क्षेत्र म्हणजे हद्दी आखलेला असा आकाशाचा भाग, जिथे कंट्रोलरच्या परवानगीने उडायचं असतं. तिथे परवानगीशिवाय शिरण्याचा हा दोष वैमानिकाच्या आधी रडारसमोर बसलेल्या कंट्रोलरला दिसतो. वैमानिकाला पत्ता लागतो तो बऱ्याचदा जमिनीवर उतरल्यावर, "टॉवरला फोन करा" असा निरोप मिळाल्यावर. पण हवेत असतानाही काही खुणा मिळत असतात, आणि एक उतरल्यावर. त्या अशा:

- फ्रीक्वेन्सीवर कुणीतरी "अनोळखी विमान" म्हणून एका ठिकाणाचं आणि उंचीचं वर्णन करतंय, आणि ते वर्णन तुमच्याशी जुळतंय.
- नेहमी गजबजलेल्या फ्रीक्वेन्सीवर बराच वेळ एक शब्दही ऐकू आलेला नाही.
- टॅबवरच्या हलत्या नकाशात दिसणारी उंची आणि अल्टिमीटरवरची (हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणावरची) उंची यांत काही शे फुटांचा फरक आहे.
- अपेक्षित तलाव, रेल्वेमार्ग किंवा गाव वेळेवर आलं नाही, किंवा आलं ते विमानाच्या भलत्याच बाजूला.
- मोठं प्रवासी विमान चाकं खाली काढून तुमच्याच उंचीवर किंवा जरा खाली दिसतंय.
- उड्डाणानंतर माग (टॅबने नोंदलेली विमानाची वाट) उघडला की रेषा हद्दीला घासून गेलेली दिसते, आणि दर वेळी साधारण त्याच कोपऱ्यात.

शेवटचं लक्षण सगळ्यात कामाचं. मी प्रशिक्षक आहे, आणि शिरकाव झालेल्या वैमानिकांसोबत बसून त्यांचा माग उलगडणं हे माझं नेहमीचं काम. हद्द कुठे आहे हे माहीतच नव्हतं, असं फार थोड्या जणांच्या बाबतीत असतं. हद्द माहीत असते, पण ज्या उपकरणावरून किंवा ज्या आखणीवरून ती जपायची तिच्यात छोटी चूक असते, आणि चूक पोटात घेईल इतकी मोकळी जागा ठेवलेली नसते. म्हणून खालचा क्रम फुकटच्या आणि दोन सेकंदांच्या तपासणीपासून सुरू होतो.

आत्ता, या क्षणी तुम्ही आत असाल तर

आधी विमान सांभाळा. घाबरून एकदम खाली झेप घेऊ नका किंवा गर्रकन वळू नका. खाली अडथळे आणि बाजूला इतर विमानं असू शकतात. नजर फिरवा, मग जवळच्या हद्दीकडे वळा. बहुतेक वेळा आलात तीच वाट सर्वांत जवळची असते. लगेच त्या क्षेत्राच्या कंट्रोलरला आपलं नाव, जागा आणि उंची सांगा. फ्रीक्वेन्सी सापडत नसेल तर आणीबाणीच्या 121.5 मेगाहर्ट्झवर बोला. कंट्रोलर वेगळी दिशा किंवा उंची देईल तर तीच पाळा, कारण आसपासचं चित्र त्याच्यासमोर आहे.

ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाचा कोड आणि उंची आपोआप कळवणारं यंत्र, बंद करू नका. ओळखले जाऊ नये म्हणून बंद करावा असा विचार कुणाच्या मनात येत असेल, तर तो तिथेच सोडून द्या. प्रवासी विमानातली धडक टाळणारी यंत्रणा तुमच्या ट्रान्सपॉन्डरच्या उत्तरावरच चालते. ते उत्तर थांबलं की त्या विमानासाठी तुम्ही तिथे नसताच.

याची किंमत 31 ऑगस्ट 1986 रोजी मोजावी लागली. लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस गावावर एरोमेक्सिकोचं डीसी-9 आणि एक छोटं पायपर आर्चर यांची टक्कर झाली. पायपर परवानगीशिवाय नियंत्रित क्षेत्रात आलं होतं आणि त्याचा ट्रान्सपॉन्डर उंची कळवणारा नव्हता. दोन्ही विमानांतले 67 आणि जमिनीवरचे 15, असे 82 लोक गेले. मोठ्या विमानतळांभोवती उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर आणि अमेरिकेतल्या प्रवासी विमानांत धडक टाळणारी यंत्रणा सक्तीची होण्यामागे या दुर्घटनेचा मोठा वाटा आहे.

लढाऊ विमान शेजारी येऊन पंख हलवू लागलं, तर तुम्हीही पंख हलवून उत्तर द्या, त्याच्या मागे जा, 121.5 वर बोला आणि दुसरी सूचना नसेल तर ट्रान्सपॉन्डरवर 7700 हा आणीबाणीचा कोड लावा.

पहिली तपासणी: दाबाची खिडकी

अल्टिमीटरच्या तबकडीवरच्या त्या छोट्या खिडकीत हवेच्या दाबाचा कोणता आकडा लावलेला आहे, ते वाचा. नुसती नजर टाकू नका, आकडा तोंडाने म्हणा. मी पाहिलेल्या उभ्या शिरकावांत, म्हणजे बाजूने नव्हे तर खालून वर घुसण्याच्या प्रकारात, कारण वारंवार इथेच सापडतं.

दाब 1 हेक्टोपास्कलने चुकला तर उंची सुमारे 27 फुटांनी चुकते. स्थानिक क्यूएनएच (त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीच्या हिशोबाने काढलेला दाब) 1030 आहे आणि खिडकीत प्रमाण दाब 1013 तसाच राहिला आहे, असं धरा. 17 गुणिले 27, म्हणजे जवळपास 460 फूट. तुमच्या डोक्यावर 2500 फुटांवर नियंत्रित क्षेत्राचा तळ आहे. तुम्ही शहाणपणाने 2300 वर उडताय, सुई 2300 वर स्थिर आहे. प्रत्यक्षात तुम्ही 2760 वर आहात. उड्डाण नीटनेटकं आहे, नकाशा बरोबर आहे, आणि तरीही तुम्ही 260 फूट आत आहात.

दिशा लक्षात ठेवा: खिडकीतला आकडा खऱ्या क्यूएनएचपेक्षा कमी असेल, तर तुम्ही सुईपेक्षा वर असता. आकडा जास्त असेल तर सुईपेक्षा खाली. जास्त दाबाच्या भागातून कमी दाबाच्या भागात जाताना खिडकी बदलली नाही तर हा दुसरा प्रकार होतो, आणि एखाद्या क्षेत्राच्या छतावरून जाणारा वैमानिक नकळत त्या क्षेत्रात उतरतो.

चूक शिरायच्या वाटा तीन. एक, आकडा ऐकण्यात किंवा फिरवण्यात 10 ने चुकणे; 1019 ऐवजी 1009 लावला की 270 फूट गेले. दोन, विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांसाठी (सर्किट) क्यूएफई लावून, म्हणजे धावपट्टीवर शून्य दाखवेल असं करून, उडणे आणि बाहेर पडताना क्यूएनएच लावायला विसरणे. धावपट्टी 300 फूट उंचीवर असेल तर पुढचं सारं उड्डाण समजुतीपेक्षा 300 फूट वर होतं. तीन, लांबच्या उड्डाणात सकाळचाच दाब दुपारपर्यंत वापरणे.

उपायाला पैसा लागत नाही. इंजिन सुरू करण्याआधी क्यूएनएच लावा आणि सुई विमानतळाच्या छापील उंचीशी ताडून पाहा. फरक 75 फुटांहून जास्त असेल तर त्या अल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. हे प्रकरण खाली "इथे थांबा, जाणकाराला बोलवा" या भागात जातं. हवेत असताना नव्या फ्रीक्वेन्सीवर गेलात की दाब विचारा, आणि परत म्हणून दाखवताना हात नॉबवर असू द्या.

दुसरी तपासणी: हद्द उंचीत लिहिली आहे की फ्लाइट लेव्हलमध्ये

ही पहिल्याचीच धाकटी बहीण, पण हिच्यात खिडकी बरोबर असूनही शिरकाव होतो. नकाशावर काही क्षेत्रांचा तळ फुटांत असतो आणि काहींचा फ्लाइट लेव्हलमध्ये. फ्लाइट लेव्हल म्हणजे शेकडा फुटांत सांगितलेली उंची (55 म्हणजे 5500 फूट), आणि ती नेहमी 1013.25 हेक्टोपास्कलवर मोजतात, त्या दिवशी हवेचा दाब काहीही असो.

दाब 993 असलेल्या दिवशी फ्लाइट लेव्हल 55 चा तळ खाली सरकतो. 20 गुणिले 27 म्हणजे 540 फूट. क्यूएनएचवर मोजलं तर तो तळ सुमारे 4960 फुटांवर येतो. "साडेपाच हजाराला तळ आहे, मी पाच हजारावर आहे" असं मनाशी म्हणणारा वैमानिक तेव्हा आत असतो. म्हणून दाब कमी असलेल्या दिवशी, जमिनीवर असतानाच, मार्गावरच्या प्रत्येक फ्लाइट लेव्हलचं त्या दिवसाच्या फुटांत रूपांतर करून मांडीवरच्या कागदी पट्टीवर लिहून ठेवा. कॉकपिटमध्ये हे गणित करू नका.

तिसरी तपासणी: रेडिओ, आणि "स्टँडबाय"

आवाज कमी झालाय का, फ्रीक्वेन्सी मुख्य खिडकीत आहे की राखीव खिडकीतच राहिली आहे, हेडसेटची पिन पूर्ण आत आहे का, हे तिन्ही बघायला दहा सेकंद लागतात. बराच वेळ शांतता असेल तर रेडिओ चाचणी मागा.

खरा घोळ वेगळाच असतो. वैमानिक हद्दीपासून थोडं आधी कंट्रोलरला हाक मारतो, परवानगी मागतो. उत्तर येतं, "स्टँडबाय". वैमानिकाला वाटतं, बोलणं झालं, ओळख पटली, आता जायला हरकत नाही. तो सरळ उडत राहतो आणि मिनिटाभरात आत. "स्टँडबाय" म्हणजे थांबा, एवढंच. ते होकारही नाही आणि नकारही नाही. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार बी, सी आणि डी वर्गाच्या क्षेत्रात दृश्य नियमांनी (म्हणजे बाहेर बघून) उडणाऱ्याला स्पष्ट क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरची परवानगी, लागतो. अमेरिकेत सी आणि डी वर्गासाठी नियम सैल आहे. कंट्रोलरने तुमच्या विमानाचं नाव घेऊन उत्तर दिलं की दुतर्फा संपर्क झाला असं धरतात. पण तिथेही बी वर्गासाठी स्पष्ट परवानगीचे शब्द कानावर पडावे लागतात. एका देशात शिकून दुसऱ्या देशात उडणारे वैमानिक या फरकात हमखास अडकतात.

त्याचप्रमाणे, माहिती देणाऱ्या किंवा रडारवरून सल्ला देणाऱ्या सेवेशी बोलणं सुरू आहे, कोड मिळाला आहे, याचा अर्थ पुढच्या क्षेत्रात जायची परवानगी मिळाली असा होत नाही. परवानगी कुणी दिली, कोणत्या शब्दांत दिली, कोणत्या उंचीपर्यंत दिली, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ती मिळालेली नाही, असं धरून वागा.

यावर तोडगा एकच: हद्दीच्या इतकं आधी हाक मारा की नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तरी वळायला जागा असेल. 100 नॉट (ताशी 100 नॉटिकल मैल) वेगाला 10 नॉटिकल मैल म्हणजे 6 मिनिटं. कंट्रोलर गर्दीत असेल तर ती 6 मिनिटं पटकन सरतात. परवानगी येईपर्यंत कुठे घिरट्या घालायच्या, ती जागा जमिनीवरच ठरवा आणि नकाशावर गोल करून ठेवा.

चौथी तपासणी: ट्रान्सपॉन्डर

कोड बरोबर आहे का, आणि यंत्र उंची पाठवण्याच्या स्थितीत आहे का, एवढं पाहा. ट्रान्सपॉन्डर नेहमी 1013.25 वर मोजलेली उंचीच पाठवतो. तुम्ही खिडकीत काय लावलंय याचा त्याच्याशी संबंध नसतो. कंट्रोलरचा संगणक त्यात स्थानिक दाब मिसळून क्यूएनएचवरची उंची दाखवतो. याचा तुम्हाला फायदा आहे. शंका आली तर विचारा, "माझी उंची किती दिसते?" कंट्रोलरचा आकडा आणि तुमची सुई यांत मोठा फरक असेल तर आधी खिडकी बघा. खिडकी बरोबर असूनही फरक 300 फुटांच्या वर असेल, तर यंत्रात दोष आहे.

पाचवी तपासणी: टॅबवरचा नकाशा

हलता नकाशा हे शिरकाव टाळायचं उत्तम साधन आहे, आणि प्रत्येकाने तो वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. पण माग उलगडताना टॅबचे तेच ते दोष पुढे येतात.

माहिती जुनी असते. हवाई नकाशांचं आंतरराष्ट्रीय चक्र 28 दिवसांचं असतं. तुमच्या टॅबवरची तारीख त्यात बसते का ते पाहा. तात्पुरती बंदी असलेली क्षेत्रं तर नोटॅममध्येच (वैमानिकांसाठी निघणाऱ्या सूचनांमध्ये) येतात, आणि ती उड्डाणाच्या दिवशीच वाचायची असतात, आदल्या रात्री नव्हे. मग धोक्याची सूचना: कधीतरी कंटाळून तिचा आवाज बंद केलेला असतो, किंवा ती हेडसेटमध्ये पोचतच नाही. उंचीची गाळणी हा आणखी वाईट प्रकार. पडद्यावर गर्दी नको म्हणून अमुक फुटांवरची क्षेत्रं लपवलेली असतात, आणि मग तुम्ही चढता. आपल्या उंचीच्या वर निदान काही हजार फुटांपर्यंतचं सगळं दिसलंच पाहिजे.

उंचीचा मुद्दा जरा खोलात. उपग्रहावरून मिळणारी उंची भौमितिक असते. हवाई क्षेत्रांच्या हद्दी दाबावर ठरतात. हवा त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानापेक्षा दर 10 अंश सेल्सियसने थंड असेल तर खरी उंची सुईपेक्षा सुमारे 4 टक्क्यांनी कमी भरते. समुद्रसपाटीलगतच्या भागात, प्रमाणापेक्षा 20 अंश थंड दिवशी, सुई 5000 वर असताना टॅब 4600 च्या आसपास दाखवेल. टॅब म्हणेल अजून चारशे फूट जागा आहे. नाहीये. कंट्रोलरला तुम्ही 5000 वरच दिसता. आडवी जागा टॅबवर पाहा, उंची मात्र अल्टिमीटरवरूनच.

टॅब उन्हात तापून बंद पडतो, आणि काही प्रदेशांत उपग्रहाच्या संकेतात जाणूनबुजून अडथळा आणला जातो. म्हणून कागदी नकाशा घडी घालून मांडीवर असू द्या, मार्गावर मिनिटांच्या खुणा केलेल्या.

सहावी तपासणी: जायरो आणि कंपास

हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, दाखवणारा जायरो (वेगाने फिरणाऱ्या चक्रावर चालणारं उपकरण) हळूहळू सरकतो. थोडं सरकणं बेअरिंगच्या घर्षणामुळे असतं, थोडं पृथ्वीच्या फिरण्यामुळे. दर 15 मिनिटांनी, विमान सरळ आणि समतल असताना, त्याला चुंबकीय कंपासशी जुळवून घ्यावं लागतं. वळणात किंवा वेग बदलताना जुळवलंत तर कंपास स्वतःच चुकीचं दाखवत असतो, आणि तीच चूक तुम्ही जायरोत भरता.

हिशोब सोपा आहे: 1 अंशाची चूक 60 नॉटिकल मैलांत 1 मैल बाजूला नेते. 5 अंश चुकलेला जायरो 24 मैलांत 2 मैल नेतो. 100 नॉटला हे जेमतेम 14 मिनिटांचं उड्डाण. शिवाय टॅबची केबल, फोन, हेडसेटचा स्पीकर कंपासजवळ ठेवला असेल तर कंपास आधीच वाकडा बोलत असतो. वस्तू दूर करून सुई हलते का ते पाहा.

सातवी तपासणी: आखणी

इथपर्यंत काही सापडलं नसेल, तर दोष उपकरणात नाही, मार्गात आहे. ही तपासणी अवघड, कारण इथे सवय बदलावी लागते.

मोठ्या विमानतळाभोवतालचं क्षेत्र उतरंड उलटी ठेवावी तसं असतं: जमिनीजवळ अरुंद, वर जावं तसं रुंद. विमानतळाकडे जाताना डोक्यावरचा तळ पायरीपायरीने खाली येतो. त्या पायऱ्यांखालून सरकत जायचा मार्ग कागदावर सुटसुटीत दिसतो. हवेत मात्र ऊन तापलेल्या शेतांवरून वर येणारी हवा विमानाला बघता बघता 200 फूट उचलते, समोर ढग येतो, शेजारी बसलेला प्रवासी काही विचारतो, आणि पायरी निघून जाते. ब्रिटनमध्ये वैमानिकांना यासाठी शिकवलं जाणारं माप मला पटतं: हद्दीपासून आडवं 2 नॉटिकल मैल आणि उभं 200 फूट अंतर राखून आखणी करा. खिडकीतली छोटी चूक, जायरोचं थोडं सरकणं, एखादा झोत, हे सगळं त्या अंतरात सामावतं.

माग उघडा आणि पाहा, शिरकाव कुठे झाला: वळणाच्या टोकाला, पायरीवर की फ्रीक्वेन्सी बदलताना? वळणाची खूण हद्दीच्या काठावर ठेवली असेल तर ती मागे घ्या, कारण विमान खुणेवर पोचल्यावर वळतं आणि वळताना बाहेर फेकलं जातं. फ्रीक्वेन्सी बदलताना होत असेल तर तो बदल पाच मैल आधी करा. पायरीवर होत असेल तर पायरीच्या आधीच खाली या आणि नंतरच काम हातात घ्या. मार्गच बदलता येत असेल तर बदला. पाच मिनिटं जास्त लागतील, इंधनही थोडं जास्त लागेल, पण पुढचं सगळं उड्डाण मोकळ्या मनाने होतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

सुई धावपट्टीवर 75 फुटांपेक्षा जास्त चुकते, कंट्रोलरच्या आकड्याशी 300 फुटांहून जास्त फरक येतो, किंवा कंपास जवळच्या वस्तू हलवूनही चुकतो: या तिन्हींत पाना हातात घेऊ नका. स्थिर दाबाची नळी (बाहेरच्या हवेचा दाब अल्टिमीटरपर्यंत आणणारी), एन्कोडर (ट्रान्सपॉन्डरला उंची पुरवणारा) आणि कंपासची दुरुस्ती परवानाधारक एव्हिऑनिक्स अभियंत्याचं काम आहे. नळीला केबिनमध्ये गळती असेल तर अल्टिमीटर बहुधा खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवतो, आणि ते बाहेरून बघून कळत नाही. दाबाची चाचणीच लावावी लागते. अमेरिकेत ट्रान्सपॉन्डरची तपासणी 24 कॅलेंडर महिन्यांतून एकदा बंधनकारक आहे; तुमच्याकडचा नियम आणि शेवटची तारीख विमानाच्या नोंदवहीत बघा. अभियंत्याला "उंची चुकते" एवढंच सांगू नका. किती फुटांनी, कोणत्या उंचीवर, कोणता दाब लावलेला असताना, केबिनचं हीटर किंवा झडप उघडी होती का, हे लिहून द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो.

यंत्रं ठीक आहेत आणि तरी दुसऱ्यांदा शिरकाव झाला, तर त्या भागात एकट्याने उडणं थांबवा आणि प्रशिक्षकाला शेजारी बसवून तोच मार्ग उडा. माग बघून जे कळत नाही, ते शेजारी बसलेल्याला दिसतं: नजर कुठे जाते, हात कधी गुंततात, दाब कधी विचारायचा राहतो.

हवेत वाट चुकल्याची शंका आली तर जाणकार म्हणजे कंट्रोलर. आत शिरण्याआधी "मला जागेची खात्री नाही" म्हणणाऱ्याला दिशा मिळते आणि प्रश्न तिथेच मिटतो. हे वाक्य म्हणायला कुणीही लाजू नये.

शिरकाव झालाच असेल तर नोंद करा, आणि आठवण ताजी असताना करा: वेळ, उंची, खिडकीतला दाब, कोणती फ्रीक्वेन्सी, कोणते शब्द ऐकले. टॅबवरचा माग पुसू नका. अमेरिकेत 1976 पासून नासाची गोपनीय सुरक्षा-अहवाल योजना चालते. चूक अनवधानाने झाली असेल आणि अहवाल 10 दिवसांत गेला असेल, तर नियम मोडल्याचं ठरलं तरी दंड किंवा परवाना निलंबनातून सहसा सूट मिळते. इतर देशांत नोंदीची पद्धत आणि मुदत वेगळी असते, ती आपल्या नियामकाच्या नियमांत पाहून घ्या. नियामकाकडून चौकशीचं पत्र आलं, तर उत्तर लिहिण्याआधी हवाई कायदा जाणणाऱ्या वकिलाला ते दाखवा, आणि त्याच्यासमोर नोंद, माग आणि अल्टिमीटरच्या तपासणीचा कागद एकत्र ठेवा.